बिडकीनचा पेशंट

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज आमच्या हृदयाच्या डॉक्टरांनी, सार्थक सरांनी, नव्या पेशंटच्या फाईल्स माझ्याकडं दिल्या. त्यातली एक उघडली आणि माझा हात माऊसवरच राहिला. नाव काकासाहेब, वय सदुसष्ट, मुक्काम बिडकीन, तालुका पैठण. हार्ट अटॅक, एक स्टेंट, परवा घरी सोडलं.

माझा सासरा. 'होता' म्हणायचं की 'आहे', हे माझा नवरा विश्वजीत गेल्यापासून तीन वर्षांत मला ठरवता आलेलं नाही.

आमचं काम तसं साधं. अटॅक येऊन गेलेला माणूस घरी गेला की बरं वाटायला लागतं, मग कुणी शेजारी काहीतरी सांगतो आणि गोळ्या सुटतात. स्टेंट नवा असताना रक्त पातळ ठेवणारी गोळी सुटली तर स्टेंटमध्ये गाठ होऊन माणूस जाऊ शकतो. म्हणून हॉस्पिटलनं 'सोबत' नावाचं ॲप काढलं. पेशंट रोज सकाळी बीपी, नाडी, वजन भरतो आणि गोळ्यांच्या पट्टीचा फोटो पाठवतो. आम्ही फार्मासिस्ट गोळ्या बांधून देतो, ते सगळं बघतो, व्हिडिओवर बोलतो, चुकलं तर सांगतो. गडबड वाटली तर त्याच दिवशी सरांना कळवायचं. तो नियमच आहे.

झेबा माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. तिला सगळं माहीत आहे. तिनं स्क्रीनकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"दे इधर. मी घेते ही फाईल."

"नको," मी म्हणाले. "असू दे माझ्याकडं."

"काय करणार आहेस तू?"

"गोळ्या देणार आहे. अजून काय?"

चिकलठाण्याला घरी येईपर्यंत रिक्षात मी हसत होते. रिक्षावाला आरशातून दोनदा बघत होता.

२० नोव्हेंबर, गुरुवार

पहिला कॉल. फोन आत्याबाईंनी उचलला. वच्छलाबाई, माझी सासू. केस पार पांढरे झालेत.

"अगं बया! तनू?"

मी नमस्कार केला. मग फोन त्याच्याकडं गेला. आधी पंखा दिसला, मग हनुवटी, मग तोंड. खंगलाय. गालाची हाडं वर आलीत.

"कोण हाय?"

"नमस्कार काकासाहेब. मी तनुजा. तुमच्या गोळ्यांची जबाबदारी माझ्याकडं आहे, काकासाहेब."

सून सासऱ्याचं नाव घेत नाही. मी मुद्दाम दोनदा घेतलं.

त्यानं फोन थोडा लांब धरला. मग म्हणाला, "दुसरं कुणी नाय का तिथं?"

"नाही." झेबा शेजारी बसून पेरू खात होती.

"छातीत दुखतंय का, काकासाहेब? घाम येतो? जबडा, डावा हात?"

त्यानं तोंड फिरवलं. मी पुन्हा विचारलं. माझ्या कागदावर हा प्रश्न रोज विचारायचा आहे. रोज विचारीन. त्या दिवशी त्या घरात हा प्रश्न विश्वजीतला फक्त मी विचारला होता.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

झोप झाली नाही. एकदा लिहून टाकते.

निशाचा, माझ्या नणंदेचा साखरपुडा होता. अंगणात मांडव, पंगत बसलेली. विश्वजीत वाढता वाढता खांबाला टेकला. घामानं शर्ट चिकटला होता, हात जबड्याला. मी विचारलं, त्यानं मान हलवली. मी काकासाहेबांना म्हटलं, हे हृदयाचं आहे, गाडी काढा. ते म्हणाले, पित्त आहे, सोडा पाज. पाहुण्यांसमोर तमाशा नको. गाडीची चावी त्यांच्या खिशात होती. मी पळत जाऊन ॲस्पिरिन आणली, ती चावून खायला देत होते, तर त्यांनी माझ्या हातावर फटका मारला. गोळी मांडवाखाली मातीत गेली. "तुझी दुकानदारी दुकानात," म्हणाले.

पंगत उठल्यावर गाडी निघाली. चितेगावच्या पुढं विश्वजीतचं डोकं माझ्या मांडीवर जड झालं.

दहाव्याला सगळं बिडकीन जमलं होतं. तिथं ते म्हणाले, "हिनं पोराच्या तोंडात कसली तरी गोळी घातली, अन् मग पोरगं गेलं." पोस्टमॉर्टेम झालं नव्हतं. शेजारी बसलेल्या बायका माझ्यापासून सरकून बसल्या. मेन रोडवर माझं मेडिकल होतं, विश्वजीतनं स्वतः रंग दिलेलं. महिनाभरात कुणी तिथं क्रोसिनसुद्धा घ्यायला येईना. लोक समोरून जाऊन पैठणहून औषध आणायचे. शेवटी दुकान बंद करून मी आईकडं आले.

स्वतः तो माणूस फवारणीची औषधं विकतो. विषाच्या बाटल्या विकणाऱ्याकडून सगळं गाव अजून माल नेतं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आता कॉलची वेळ मी बदलली आहे. अकराला तो आपल्या कृषी सेवा केंद्रासमोर खुर्ची टाकून बसतो आणि भोवती पाच-सहा माणसं चहा पीत असतात. मी तेव्हाच लावते. नियमात आहे, पेशंट जागा आणि मोकळा असावा.

"काकासाहेब, शौचाला साफ होते का? पोट दुखतं का? तंबाखू सोडली की नाही? जीभ दाखवा."

मागची माणसं हसतात. एकजण म्हणाला, "सरपंच, मास्तरीण लई कडक हाय तुमची." पूर्वी हा सरपंच होता, त्याच्यापुढं कुणाची बोलायची टाप नव्हती. त्यानं जीभ दाखवली.

मिरचीचा ठेचा बंद केला. लोणचं, पापड बंद. आत्याबाईंना म्हटलं, भाजीतलं मीठ निम्मं करा. तशीही पथ्यं हीच असतात. मी जादा काही केलेलं नाही.

झेबा म्हणाली, "मजा आ रहा है?" मी म्हणाले, हो.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज त्याच्या ॲडमिशनचे कागद नीट वाचले. छातीत कळ आल्यापासून हॉस्पिटलात पोचेपर्यंत एक तासही गेलेला नाही. कळ आल्याबरोबर ॲस्पिरिन चावून खाल्लेली, असं लिहिलं आहे.

दोनदा वाचलं. स्वतःच्या छातीत आलं तेव्हा पित्त नव्हतं. सोडा नव्हता. गाडीची चावी लगेच सापडली. पोरासाठी मातीत पाडलेली गोळी स्वतः चावून खाल्ली आणि वाचला.

आज मी जेवले नाही. आई विचारत राहिली. माझ्या डोक्यात एकच चाललंय, हा माणूस जगायला नको होता.

२९ नोव्हेंबर, शनिवार

त्याचा सकाळचा फोटो आला. रक्त पातळ करणाऱ्या गोळीची पट्टी, कोपरा दुमडलेला. कालच्या फोटोतही तेवढाच दुमडलेला आणि तेवढ्याच गोळ्या. परवाही.

झेबानं खांद्यावरून पाहिलं. "ये तो कल काच फोटो है ना?"

"बघते मी."

म्हणजे तो जुना फोटो पाठवतोय आणि गोळी खात नाहीये. सरांना कळवायला हवं. शनिवारी ते लवकर जातात. सोमवारी सांगते.

१ डिसेंबर, सोमवार

आज सर दिवसभर कॅथलॅबमध्ये स्टेंट टाकत होते. फोटो पुन्हा तोच. मी फाईल उघडली आणि बंद केली.

मी काही केलेलं नाही. गोळी त्यानं सोडली आहे, मी नाही. मोठा माणूस आहे, त्याचं त्याला कळतं. त्यानं पंगत उठेपर्यंत वाट पाहिली होती. मीही पाहते.

हे लिहिताना हात अगदी स्थिर आहे, याचं मला बरं वाटतंय.

३ डिसेंबर, बुधवार

दुपारी जेवणाचा डबा उघडला आणि आत्याबाईंचा फोन आला. व्हिडिओ नाही, साधा.

"तनू, त्यांची छाती भरून आलीया. घाम सुटलाय. गोळी खाईनात. आठवडा झाला, खाल्ली म्हणतेत अन् पट्टी तशीच उशाखाली दडवतेत. मला आज दिसलं."

मी उभी राहिले. डबा खाली पडला, वरण पायावर सांडलं. ते नंतर दिसलं.

"फोन स्पीकरवर टाका. काकासाहेब! आत्ताच्या आत्ता ॲस्पिरिन चावून खा. अंबुलन्स येतेय."

लांबून त्याचा आवाज आला. "तिच्या हातची गोळी नाय खाणार म्या."

"माझ्या हातची नाही! डब्यातली खा, तुमच्या डब्यातली!"

"नाय."

मग आत्याबाईंचा आवाज आला, कधी ऐकला नव्हता तसला. "तोंड उघडा. उघडा म्हणते ना!" आणि थोड्या वेळानं, धापा टाकत, "घातली. चावली त्यांनी."

"तुम्हाला कसं जमलं?"

"मागच्या बारीलाबी मीच घातली की. सोडा मागत व्हते, पित्त हाय म्हणत व्हते. तू त्या दिशी मांडवात काय सांगत व्हतीस ते माझ्या कानात हाय. तवापासून तसली गोळी म्या देवाच्या डब्यात ठेवली. डायवरला बी मीच हाक मारली."

मी अंबुलन्सला पत्ता सगळा बरोबर सांगितला. दुकानाच्या बाजूनं वळायचं, निंबाच्या पलीकडचं दार.

म्हणजे त्याला पहिल्यांदाही माझ्याच शब्दानं वाचवलं. हे कुणाला सांगू? कोण हसेल, कोण रडेल, मला कळत नाही.

संध्याकाळी सरांनी सांगितलं, स्टेंटमध्ये गाठ धरायला लागली होती, वेळेत आला म्हणून निभावलं. मग म्हणाले, "फोटो किती दिवस तोच आहे, तनुजा. तुला दिसलं नाही?"

"नाही सर. फोटो नीट दिसत नव्हता."

सर गेले. झेबा कीबोर्डकडं बघत म्हणाली, "फोटो साफ दिसत होता."

मी डबा धुवायला उठले. दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायची तिला सवय आहे.

५ डिसेंबर, शुक्रवार

आज वॉर्डात गेले. आत्याबाई चहा प्यायला खाली गेल्या होत्या. त्याच्या हाताला सलाईन. तीन वर्षांनी समोरासमोर.

"गोळी काहून सोडली?" मी विचारलं. बिडकीनचा शब्द तोंडात आपोआप आला, त्याचा राग आला.

तो खिडकीकडं बघत होता. "तू बदलल्या असशील त्या."

"मी? मी काहून बदलीन?"

"म्या तुझं वाटोळं केलं. तुझ्या जागी म्या असतो, तर बदलल्या असत्या."

मला हसू फुटलं. इतक्या मोठ्यानं की नर्सनं पडदा बाजूला करून पाहिलं. गावाला सांगितलेलं खोटं आता त्याच्याच छातीवर बसलंय. याहून चांगला सूड मला जन्मात सुचला नसता, आणि तो मी घेतलेलाही नाही.

मग मी तिथंच ठरवलं. खाटेजवळ खुर्ची ओढली.

"ऐका. दुसरी फार्मासिस्ट आहे आमच्याकडं, झेबा. तुमची फाईल तिला देते. पण आधी एक करायचं. दर रविवारी ॲपवर सगळ्या पेशंटची, घरच्यांची बैठक असते. मी घेते. पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी तुम्ही दुकानासमोर बसायचं. रोज बसणारी सगळी माणसं भोवती पाहिजेत. आणि साखरपुड्याच्या दिवशी काय झालं ते सांगायचं. खरं."

"अन् नाय सांगितलं तर?"

"तर जन्मभर माझ्याच हातच्या गोळ्या."

त्याचं तोंड पांढरं पडलं. मॉनिटरवर नाडी वाढलेली दिसली. मला ती बघून आनंद झाला. आणि लगेच मी त्याच्या उशा नीट केल्या, डोकं वर घेतलं, कारण नाडी तेवढी वाढणं बरं नव्हतं.

१४ डिसेंबर, रविवार

झालं.

बैठकीला पन्नासेक घरं होती. आज विषय ठेवला होता, 'छातीत कळ आली तर पहिल्यांदा काय करायचं'. मी पाच-दहा मिनिटं बोलले. मग म्हटलं, बिडकीनच्या काकासाहेबांना काही सांगायचं आहे.

त्यानं फोन कीटकनाशकाच्या खोक्यावर टेकवून ठेवला होता. मागं माणसं, काही उभी, काही पायरीवर. आत्याबाई दारात. त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"माझं पोरगं विश्वजीत," तो म्हणाला, "तीन सालामागं गेलं. म्या समद्यांला सांगितलं का सुनेनं गोळी दिली म्हणून गेलं. ते खोटं हाय. गोळी त्याच्या तोंडात गेलीच नाय. म्या हातावर मारून पाडली."

मागची माणसं हलायची थांबली.

मला वाटलं एवढंच. माझी मागणी तेवढीच होती. पण तो थांबला नाही.

"अजून एक. म्या पित्त हाय म्हणलो. पण मला कळलं व्हतं. त्याचा घाम बघून कळलं व्हतं. माझा बाप असाच गेलेला, घाम तसाच व्हता. पण पाव्हणे जेवाया बसले व्हते. पोरीचं लग्न मोडंल असं वाटलं. म्हणलं पंगत उठंपर्यंत निघंल."

आत्याबाई दारातच खाली बसल्या. त्यांनाही माहीत नव्हतं.

मी स्क्रीनवर माझाच चेहरा बघत होते. तीन वर्षं मी त्याला अडाणी, हेकट समजून शिव्या दिल्या. त्याला कळलं होतं.

आणि मग ते सुरू झालं. चौकटीत हात जोडलेली चित्रं यायला लागली. फर्दापूरचे एक गृहस्थ माईक चालू करून म्हणाले, "काकासाहेब, असं चारचौघांत कबूल करायला मोठं मन लागतं. देव तुम्हाला क्षमा करो." कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मागच्या माणसांपैकी एकानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पाणी आणून दिलं.

एका मिनिटात! माझ्या दुकानात महिनाभर पाऊल न ठेवणाऱ्या लोकांनी त्याला एका मिनिटात माफ केलं.

"हात खाली घ्या," मी म्हणाले. आवाज फाटला. "देवाचं देव बघेल. मी क्षमा केलेली नाही. करणारही नाही. इथं जे ऐकलं ते गावभर सांगा, जसं तेव्हा सांगितलं होतं. आणि काकासाहेब, दुपारची गोळी झाली का?"

"नाय अजून."

"घ्या."

त्यानं घेतली. त्या पन्नास घरांसमोर. मी बैठक बंद केली आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले.

मला वाटलं होतं आज हलकं वाटेल.

१५ डिसेंबर, सोमवार

सकाळपासून एकच गोष्ट टोचत होती. तो माणूस गावासमोर खरं बोलला. आणि मी सरांना सांगितलं होतं, फोटो नीट दिसला नाही. तो माझ्यापेक्षा खरा ठरणार, हे मला सहन होणार नव्हतं. दुसरं काही कारण नाही.

म्हणून सरांच्या केबिनमध्ये गेले आणि सांगितलं. फोटो स्वच्छ होता. चार दिवस आधीच कळलं होतं. मुद्दाम सांगितलं नाही. तो माझा सासरा आहे.

सर कितीतरी वेळ पेन उघडझाप करत राहिले. मग म्हणाले, "तो मेला असता, तनुजा."

"हो सर."

"तुला तेच हवं होतं?"

"हो सर. त्या बुधवारी दुपारपर्यंत."

त्यांनी मला कॉलवरून काढलं आहे. तळमजल्यावर औषधांच्या खिडकीवर बसायचं, पुढचं ते ठरवतील. माझे सगळे पेशंट झेबाकडं. ती निघताना माझ्याजवळ आली आणि तिच्या डब्यातला खिमा माझ्या डब्यात वाढला.

२२ डिसेंबर, सोमवार

निशाचा फोन आला होता, पुण्याहून. रडत होती. "वहिनी, माझ्या साखरपुड्यासाठी?" एवढंच म्हणत होती. तिला मी काय सांगणार? तिचा काय दोष? म्हटलं, सावकाश ये कधीतरी.

बिडकीनहून दोन बायका खिडकीवर आल्या होत्या. एकजण दहाव्याला माझ्या शेजारी बसली होती, सरकली होती तीच. गोळ्या घेतल्या, मग घुटमळली. "तुझं मेडिकल परत चालू कर की." मी म्हणाले, पुढचा नंबर.

५ जानेवारी, सोमवार

आज तो तपासणीला आला होता. आत्याबाईंनी हात धरला होता. सरांकडून चिठ्ठी घेऊन खाली आला. शेजारची खिडकी रिकामी होती, तिथल्या माणसानं दोनदा हाक मारली. हा माझ्या रांगेत उभा राहिला, सगळ्यात मागं. मी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. रांग पुढं सरकली.

त्यानं चिठ्ठी आत सरकवली.

"काकासाहेब, तिकडं मोकळं आहे."

"इथंच पायजे."

मी गोळ्या काढल्या. सकाळची, दुपारची, रात्रीची, प्रत्येक पट्टीवर खूण करून दिली. त्यानं पिशवी घेतली, तिथंच उघडली, एक पट्टी काढली, गोळी दाबून तळहातावर घेतली आणि माझ्याकडं बघत तोंडात टाकली. आत्याबाईंच्या बाटलीतलं पाणी प्यायला. रांगेत बिडकीनचे दोघे-तिघे होते. सगळे बघत होते.

"अहो, ती रात्रीची आहे!" मी ओरडले. "आत्ता सांगितलं ना? कान कुठं असतात तुमचे?"

मागं कुणीतरी हसलं. तो पट्टीकडं बघत राहिला, चूक केलेल्या माणसासारखा.

"मग आता?"

"आता काही होत नाही. पण आज रात्री ती घ्यायची नाही. उद्यापासून नीट."

"तू फोन करशील?"

"झेबा करते ना. तीच करणार."

"व्हय," तो म्हणाला. पण हलला नाही. खिडकीच्या कट्ट्यावर त्याची बोटं होती, नखांत फवारणीच्या औषधाचा पिवळा डाग.

"बाजूला व्हा. मागं लोक उभे आहेत."

तो बाजूला झाला. आत्याबाईंनी जाता जाता मागं वळून पाहिलं.

घरी आले तर आईनं विचारलं, आला होता म्हणे, राग गेला का? नाही म्हटलं. गेलेला नाही. जाणारही नाही, तो जिवंत आहे तोवर मला त्याला विचारायचं पुष्कळ आहे.

जेवायच्या आधी झेबाला मेसेज टाकला. बिडकीनच्या पेशंटनं रात्रीची गोळी आज घ्यायची नाही, त्यानं दुपारीच खाल्लीय. फोन करून सांग. तो विसरेल. आणि आत्याबाईंनाही वेगळं सांग.